खुनी कोण, ते शेवटच्या प्रकरणाआधी लिहून ठेवा

रहस्यकथांचा एक अख्खा आठवडा करायचा ठरवलात, तर पहिलं पुस्तक वाचायला घेण्याआधी ते तपासून घ्या. मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. त्यामुळे ही पुस्तकं कोणत्या अवस्थेत परत येतात ते मला रोज दिसतं. इतर कादंबरीचं शेवटचं पान गेलं तर वाचक कसंबसं सांभाळून घेतो, रहस्यकथेचं गेलं की पुस्तकच गेलं. जुनी पुस्तकं आम्ही पुन्हा बांधून घेतो: जाड पुठ्ठा, वर रेक्झिन, कण्यावर दाखल क्रमांक. बाहेरून पुस्तक धडधाकट दिसतं आणि आत शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, सुटून गेलेला असतो. म्हणून एका हाताने मजकूर झाकायचा, दुसऱ्याने शेवटची पानं उलटायची आणि कोपऱ्यातले आकडे सलग आहेत ना, तेवढंच बघायचं.

दुसरी तपासणी पेन्सिलीची. पात्राचं नाव पहिल्यांदा येतं त्याच ओळीला बाण काढून समासात ‘हाच खुनी’ असं लिहून ठेवणारे वाचक प्रत्येक गावात असतात. मला त्यांचा मनापासून राग येतो. दुसऱ्या माणसाचे तीन दिवस त्यांनी एका बाणाने संपवलेले असतात. घरात जो कोणी रहस्यकथा वाचत नाही, त्याच्या हातात पुस्तक आणि खोडरबर द्या आणि समास साफ करून घ्या. मग वर्तमानपत्राचं कव्हर घाला, म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर नजरेला पडणार नाही. प्रस्तावना आणि अनुवादकाचं मनोगत सगळ्यात शेवटी वाचायचं. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असतं आणि तुम्हीही वाचलेलं आहे असं तो धरून चालतो. मोबाइलवर पात्राचं नाव शोधायचं नाही. नाव अर्धवट टाइप केलंत की पुढे काय सुचवलं जाईल त्यावर तुमचा ताबा नसतो.

हे इतकं सोवळं पाळायला सांगते, कारण माझं म्हणणं असं आहे की चांगली रहस्यकथा दोनदा वाचण्यासाठीच लिहिलेली असते, आणि त्या दोन वाचनांच्या मध्ये तुमचं स्वतःचं उत्तर कागदावर उतरलेलं असायला हवं. ‘मला आधीच वाटलं होतं’ हे पुस्तक परत देताना जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. वाटलं होतं तर लिहायचं होतं. लिहिलेलं असलं की लेखकाने आपल्याला नेमकं कुठे वळवलं ते सापडतं, आणि ते सापडण्यात जो आनंद आहे तो खुनी कळण्याच्या आनंदापेक्षा मोठा आहे.

आता कागद. पाठकोरा ए-फोर घ्या, मधोमध घडी घाला, पुस्तकात खूण म्हणून तोच वापरा. तीन रकाने आखा. पहिल्यात कथा सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं. दुसऱ्यात कोणीतरी सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. तिसऱ्यात वेळा: कोण किती वाजता कुठे होतं. पानाचा क्रमांक प्रत्येक नोंदीपुढे हवाच. पात्रांची यादी करण्यात वेळ घालवू नका, ती आपोआप पाठ होतात. खरा उपयोग पहिल्या दोन रकान्यांचा आहे. ‘बाईंच्या खोलीचं दार आतून बंद होतं’ हे वाक्य वाचताना वस्तुस्थिती वाटतं. ते कोणत्या रकान्यात घालायचं असा प्रश्न पडला की लक्षात येतं, दाराला हात लावून पाहिलेला माणूस एकच होता आणि बाकीचे सगळे त्याच्या शब्दावर विसंबले. फसवणुकीचा अर्धा भाग हाच असतो.

सोमवार आणि मंगळवार कथांना द्या. आठवड्याची सुरुवात आहे, कामाचा ताण आहे, तासाभरात संपेल असंच काहीतरी हवं. सोमवारी शेरलॉक होम्स. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स अनेक वाचनालयांत मिळतो, इंग्रजी येत असेल तर मूळ वाचा, भाषा अवघड नाही. आधी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ची पहिली दोन प्रकरणं घ्या. ही १८८७ सालची कादंबरी, होम्सचा पहिला प्रवेश. अख्खी या आठवड्यात नको, फक्त ही दोन प्रकरणं.

पहिल्याच पानावर डॉक्टर वॉटसन सांगतो की तो सैन्यातला डॉक्टर म्हणून मुंबईत उतरला, तेव्हा त्याची तुकडी खिंडी ओलांडून पुढे निघून गेली होती. मग तो अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत, म्हणजे जुलै १८८० मध्ये, खांद्याला गोळी लागून जखमी होतो, पेशावरच्या इस्पितळात तापाने झिजतो आणि इंग्लंडला परततो. लंडनच्या एका प्रयोगशाळेत होम्स त्याला पहिल्यांदा भेटतो आणि हात मिळवता मिळवता म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात असं दिसतं. इथे थांबा. त्याला हे कसं कळलं, ते दुसऱ्या प्रकरणात येतं. तोवर आपल्या कागदावर लिहा.

मग ताडून बघा. माणूस डॉक्टरी वळणाचा, पण चालण्याबोलण्यात लष्करी ऐट, म्हणजे लष्करी डॉक्टर. चेहरा रापलेला, मनगटं मात्र गोरी, म्हणजे उष्ण देशातून नुकताच आलेला. गाल ओढलेले, म्हणजे आजारपण. डावा हात अवघडून धरलेला, म्हणजे जखम. त्या काळात इंग्रज लष्करी डॉक्टरला ही दोन्ही दुखणी कुठे मिळतील? यातली प्रत्येक पायरी डोळ्यांनी दिसणारी आहे. शेवटची उडी तेवढी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाची आहे, कारण अफगाण युद्ध तेव्हा ताजं होतं. होम्सच्या तर्काला जादू म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा हाताने लिहून काढावी. आणि जाता जाता हेही टिपा, की तीन वर्षांनी आलेल्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये वॉटसनची जखम खांद्यावरून पायात गेली आहे. होम्सचे लेखक कॉनन डॉइल झपाट्याने लिहीत असत आणि असल्या तपशिलांची फिकीर करत नसत. होम्सचे भक्त त्या दोन जखमांची संगती लावत आजही वाद घालतात.

मग जेवण झाल्यावर ‘द रेड-हेडेड लीग’. स्ट्रँड मासिकात १८९१ मध्ये आलेली ही कथा मी नव्या वाचकाला सगळ्यात आधी देते, कारण हिच्यात कोणी मरत नाही, तरीही कोडं पक्कं आहे. तारण ठेवून पैसे देणारा एक लालकेशा दुकानदार होम्सकडे येतो. केस लाल आहेत एवढ्याच पात्रतेवर त्याला आठवड्याला चार पौंडांची नोकरी मिळालेली असते. काम काय, तर रोज सकाळी दहा ते दुपारी दोन एका खोलीत बसून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हाताने उतरवून काढायचा. ‘ए’ अक्षर संपत येतं आणि एके सकाळी दारावर पाटी दिसते, संस्था विसर्जित. दुकानदाराचं म्हणणं, माझे पैसे बुडाले. होम्स दुकानासमोर जाऊन फरसबंदीवर काठी आपटतो, दार वाजवून रस्ता विचारतो, नोकर दार उघडतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे न बघता भलतीकडेच बघतो, मग चौकाला वळसा घालून मागच्या रस्त्यावरची दुकानं ओळीने पाठ करतो. आणि वॉटसनला घेऊन व्हायोलिनच्या मैफलीला जातो. मैफल सुरू झाली की पुस्तक मिटा. तुमच्याकडे आता होम्सएवढीच माहिती आहे. चार ओळी लिहा: त्या माणसाला रोज चार तास घराबाहेर ठेवण्यात कोणाचा फायदा, काठी कशासाठी आपटली, नोकर अर्ध्या पगारावर का राबतो, आणि पाटी त्याच दिवशी का लागली. जमलं नाही तरी लिहा.

मंगळवारी ब्योमकेश बक्षी, बंगाली कथांमधला गुप्तहेर. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रजित कपूरने केलेला ब्योमकेश ज्यांनी पाहिला त्यांना तोच चेहरा दिसत राहणार, त्याला इलाज नाही आणि तो चेहरा चांगलाच आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश लिहायला घेतला, १९३६ पर्यंत दहा कथा लिहिल्या आणि मग तो जवळजवळ पंधरा वर्षं गप्प राहिला. मधल्या काळात, १९३८ मध्ये, शरदिंदु बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले. पुढे चित्रपट सोडून ते पुण्यात राहायला आले आणि ब्योमकेश पुन्हा सुरू झाला. म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर राहणाऱ्या या सत्यान्वेष्याच्या पुष्कळ गोष्टी पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. हे मी आमच्या वाचकांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, आणि का चमकू नयेत?

त्यांतली एक कथा आमच्या जिल्ह्यातली आहे, ‘शैलरहस्य’. ब्योमकेश कामासाठी पुण्याला येतो, तिथून थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला जातो आणि तिथल्या हॉटेलातून कलकत्त्याला आपला मित्र अजित याला पत्र लिहितो. पुण्याहून घाट चढत जाणारा रस्ता, थंडी, रिकामं हॉटेल आणि रात्री त्या खोलीत जे घडतं ते. हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद शोधा. महाबळेश्वरची ऐन थंडी ज्याने अंगावर घेतली आहे, त्याला ही कथा इतरांपेक्षा जास्त लागेल.

ही कथा मुद्दाम मंगळवारी ठेवली आहे, कारण ती एक नियम मोडते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे. अज्ञात विष चालणार नाही. गुप्त खोली एकाहून जास्त नको. जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी सुगावा दिला पाहिजे. अपघाताने किंवा अंतर्ज्ञानाने उलगडा व्हायला नको. आणि भुताखेतांना साफ मज्जाव. ‘शैलरहस्य’मध्ये मात्र विज्ञानावर विश्वास असलेल्या ब्योमकेशपुढे असं काही येतं की त्याला नाही म्हणता येत नाही. कथा संपली की स्वतःला विचारा: भूत काढून टाकलं तर पुरावा उरतो का? तुमचं उत्तर काहीही येवो, ते देताना कथेची बांधणी तुम्हाला उसवून बघावी लागते, आणि पुढच्या तीन दिवसांसाठी नेमका तोच सराव हवा आहे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिळून एकच कादंबरी. अगाथा ख्रिस्ती यांची पहिली, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’. ख्रिस्तींच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत, नट मधुकर तोरडमल यांनीही त्यांचे अनुवाद केले. पण ही कादंबरी मराठीत हाती लागली नाही तर इंग्रजीत वाचा, वाक्यं छोटी आहेत. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या, मग औषधं तयार करून देण्याच्या विभागात गेल्या. चारी बाजूंना विषाच्या बाटल्या, कधी खूप काम, कधी अजिबात नाही. तिथे त्यांना ही कादंबरी सुचली. १९१६ मध्ये लिहिली, काही प्रकाशकांनी परत पाठवली, १९२० मध्ये छापली गेली. औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने विषाची माहिती बिनचूक असल्याबद्दल तिची तारीफ केली. त्या तारिफेचा त्यांना फार अभिमान होता.

विष आहे स्ट्रिक्निन, आणि आपल्याला ते परकं नाही. कोकणात काजऱ्याचं झाड असतं, त्यालाच कुचला म्हणतात. नारिंगी, गोल, दिसायला देखणी फळं, आत गरात चपट्या, राखाडी, रेशमी लवेच्या गोल बिया. स्ट्रिक्निन त्या बियांतून निघतं. चव जहाल कडू, आणि परिणाम म्हणजे स्नायूंचे भयंकर झटके. या दोन गोष्टी, कडवटपणा आणि परिणाम दिसायला लागणारा वेळ, कादंबरीत पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या रकान्यात वेळा का हव्यात ते इथे कळेल. शेवटचं अन्न किती वाजता, कॉफी किती वाजता, झटका किती वाजता: हे तीन आकडे एकाखाली एक लिहा आणि त्यांच्याकडे बघत बसा.

एकूण तेरा प्रकरणं आहेत. बुधवारी पहिली चार, गुरुवारी आठव्यापर्यंत, शुक्रवारी अकराव्यापर्यंत. बारावं उघडायचं नाही. पुस्तकात घराचा नकाशा आहे, तो आपल्या हाताने कागदावर काढा. छापील नकाशाकडे आपण नुसतं बघतो, स्वतः काढताना कोणतं दार कुठे उघडतं ते ठरवावं लागतं. गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज आघाडीवरून जखमी होऊन सुट्टीवर आलेला तरुण आहे, सरळ स्वभावाचा, चटकन भाळणारा, आणि स्वतःला तपासात हुशार समजणारा. तो खोटं बोलत नाही. जे दिसलं ते सगळं तो तुम्हाला सांगतो, पण त्याचा अर्थ काय लावायचा तेही लगेच सांगून टाकतो, आणि आपण त्याच्या अर्थासकट ते गिळतो. म्हणून या कादंबरीपुरता दुसरा रकाना दुहेरी करा: लोक काय म्हणाले, आणि हेस्टिंग्जला काय वाटलं. गुप्तहेर पॉयरो एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी रेंगाळला आणि हेस्टिंग्जला त्याची कीव आली, की त्या पानाचा क्रमांक ठळक लिहा.

शुक्रवारी रात्री उत्तर. चार प्रश्न, चार परिच्छेद: कोण, कसं, का, आणि कोणत्या पानांवरून. चौथ्याशिवाय पहिल्या तिघांना अर्थ नाही. ‘ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय येतो तोच असणार’ असं म्हणून नाव लिहिणं म्हणजे उत्तर नव्हे, तो जुगार आहे, आणि ख्रिस्तींना तुम्ही हा जुगार खेळणार हे १९१६ मध्येच ठाऊक होतं. माणूस कळत नसेल तर निदान पद्धत लिहा, विष पोटात कशातून गेलं असेल तेवढं. लिहून झालं, खाली तारीख घातली, की बारावं आणि तेरावं प्रकरण सलग वाचा, मध्ये उठू नका. इथे एक गोष्ट माहीत असावी: ख्रिस्तींनी आधी हा उलगडा न्यायालयात, पॉयरोच्या साक्षीतून लिहिला होता. प्रकाशकाने तो बदलायला सांगितला, म्हणून तो दिवाणखान्यात आला. सगळ्यांना एका खोलीत बसवून गुपित फोडणारा पॉयरो जो आपल्या मनात ठसला आहे, त्याची सुरुवात या दुरुस्तीत आहे.

शनिवारी कागद ठेवून द्या. शनिवार बाबूराव अर्नाळकरांचा. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. हजारावर रहस्यकथा लिहून ते १९९६ मध्ये गेले. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या पुस्तकांनी महाराष्ट्रात किती लोकांना वाचायला शिकवलं याची मोजदाद कोणी केली नाही, पण माझ्या टेबलासमोर येणारे सत्तरीचे आजोबा अजूनही ती नावं घेताना ताठ बसतात. गिरणीत पाळी करून आलेला माणूस, रात्रशाळेतला मुलगा, दुपारी उसंत मिळालेली गृहिणी, सगळे ही पुस्तकं भाड्याने आणून एका बैठकीत संपवत. म्हणून तुम्हीही एका बैठकीत संपवा. चहा करून घ्या आणि बसा.

त्यांना नॉक्सचे नियम लावू नका. इथे कोडं सोडवायचं आमंत्रणच नाही. इथे आहे वेग, वेषांतर, रात्रीची मुंबई, सज्जनांचा कैवार घेणारा आणि कायद्याच्या जरा पलीकडे उभा असलेला नायक. बघायचं ते हे, की प्रकरण कुठे तोडलं आहे, पहिल्या पानावर किती गोष्टी घडून गेल्या आहेत, आणि किती कमी शब्दांत माणूस उभा केला आहे. समीक्षकांनी अर्नाळकरांना वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्याने वाचक तयार केले त्याच्या कामाकडे वाचणाऱ्यांनी तरी नीट बघावं. जुनी प्रत मिळाली नाही तर नव्याने छापलेली मिळते. तीही नसेल तर सुहास शिरवळकर घ्या: दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, चार नायक आणि चारही वेगळ्या तऱ्हेचे. कोर्टातली झुंज आवडत असेल तर अमर विश्वास. घरात दहा-बारा वर्षांचं कोणी असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्या हातात द्या आणि त्यालाही शनिवार मोकळा सोडा.

रविवारी सकाळी पुन्हा ‘स्टाइल्स’. पूर्ण नाही, पहिली पाच प्रकरणं. शुक्रवारचा कागद शेजारी ठेवा, दुसऱ्या रंगाचं पेन घ्या. आता खुनी तुम्हाला माहीत आहे. त्याचं प्रत्येक वाक्य थांबून वाचा. तो कुठे खरं बोलतो आहे, कुठे खरं बोलूनही फसवतो आहे? लेखिकेने महत्त्वाची वस्तू कोणत्या दोन बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या मध्ये ठेवली? तुमच्या रकान्यात ती आली होती का? आली असेल तर तुम्ही तिच्यापुढे काय लिहिलं होतं? पहिल्या वाचनात औषधांच्या खोलीतला प्रसंग नुसता गप्पांचा वाटतो, आता वाचा. आमच्याकडच्या एक शिक्षिका हे दुसरं वाचन करायला तयार नव्हत्या, शेवट कळल्यावर काय वाचायचं म्हणायच्या. एकदा केलं, आणि आता त्या पुस्तक बदलायला येतात तेव्हा मला पान काढून दाखवतात: बघा, इथेच सांगितलं होतं. मला माझ्या कामात याच्याहून जास्त आनंदाचं फारसं काही ठाऊक नाही.

दोघांनी मिळून आठवडा करायचा असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती लागतील किंवा वाचनाच्या वेळा वाटून घ्याव्या लागतील. उत्तरं वेगवेगळ्या पाकिटांत बंद करा आणि रविवारी एकदमच उघडा. मधल्या दिवसांत बोलायला हरकत नाही, पण जो मागे आहे त्यानेच विषय काढायचा. पुढे गेलेल्याने ‘अमक्याकडे लक्ष ठेव’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही. हसायचंही नाही. सासू-सून, नवरा-बायको, हॉस्टेलवरच्या मैत्रिणी, कोणीही असा, हा एक नियम मोडला की आठवडा मोडला.

ज्यांना अंदाज बांधायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी बुधवार ते शुक्रवारची जागा बदलता येते. तिथे जपानी कादंबरी घाला. केइगो हिगाशिनो यांची २००५ ची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ सुरुवातीलाच खून डोळ्यांसमोर करून दाखवते. कोणी केला हा प्रश्नच उरत नाही, आणि तरीही शेवटपर्यंत तुम्ही चुकीच्या जागी बघत असता. किंवा सेइचो मात्सुमोतो यांची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’, जी १९५७ पासून क्रमशः छापली गेली. समुद्रकिनाऱ्यावर एक स्त्री आणि एक पुरुष मृतावस्थेत सापडतात, सगळ्यांना ती प्रेमी जोडप्याची आत्महत्या वाटते. एका म्हाताऱ्या पोलिसाला रेल्वेच्या डायनिंग कारमधलं बिल खटकतं, त्यावर एकाच माणसाच्या जेवणाची नोंद असते. पुढे सगळी लढाई आगगाड्यांच्या वेळापत्रकाशी आहे. टोकियो स्थानकावर एका फलाटावरून दुसरा फलाट दिवसातून फक्त चार मिनिटं दिसतो, मध्ये गाड्या उभ्या असतात. त्या चार मिनिटांवर कादंबरी उभी आहे. रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला ही फार जवळची वाटेल. हिच्यासाठी तिसरा रकाना पानभर रुंद करा, पहिले दोन अरुंद चालतील.

पुढच्या आठवड्यासाठी आताच एक नाव बाजूला काढून ठेवा: ख्रिस्तींचीच १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’. ‘स्टाइल्स’चे तीन दिवस आणि रविवारचं दुसरं वाचन झाल्याशिवाय ती घेऊ नका, कारण तिची खरी गंमत रकाने आखायची सवय लागलेल्या वाचकालाच कळते. आणि ती वाचतो आहोत हे कोणालाही, वाचनालयाच्या टेबलावर बसलेल्या बाईलासुद्धा, सांगू नका. कार्डावर नोंद करून घ्या, पिशवीत घाला आणि निघा.